कथील अजून ओतलं जातंय

शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेलं कथील आणि लाख ओता, असं गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलंय. हे आपण भाषणात शंभरदा सांगतो आणि टाळ्या घेतो. दोस्तांनो, आज भाषण नाही. माझ्या आयच्या कानाचं सांगतो.

2014 साली आयला टीबी झाला. साध्या गोळ्यांना न जुमानणारा. कॅनामायसिनची सुई सुरू झाली. आठवड्यातले सहा दिवस, सहा महिने. मी तेव्हा शाळकरी पोरगा. तिचा हात धरून सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहायचो. तिसऱ्या महिन्यात आय म्हणाली, "कानात रातकिडे वरडत्यात." खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "अशक्तपणा आहे. अंडी खा." पाचव्या महिन्यात कुकरची शिट्टी तिला ऐकू येईना. डाळ करपली म्हणून बाप ओरडला, तेही तिला अर्धंच ऐकू आलं. टीबी बरा झाला. फाईल बंद. आय ठार बहिरी.

सुई नको होती असं मी म्हणत नाही. तेव्हा तेच औषध होतं, त्याने ती जगली. पण ही सुई कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी मारते, मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, हे तेव्हाही ठाऊक होतं. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. शिट्टी जाते, मग बोलण्यातले स, श जातात, मग माणूस जातो. म्हणून सुईआधी एकदा आणि नंतर दर महिन्याला कानाची तपासणी करायची, कान जातोय असं दिसलं तर औषध कमी करायचं, बदलायचं. हेही ठाऊक होतं. 2019 साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, कॅनामायसिन वापरू नका. आयचे कान त्याच्या पाच वर्षं आधीच गेले होते.

आणि तपासणीचं यंत्र नसलं तरी एक प्रश्न होता. कानात आवाज येतो का, चक्कर येते का? सुई टोचणाऱ्याने रोज एवढं विचारायचं आणि उत्तर कागदावर लिहायचं. याला पैसा लागत नाही. समोरचा माणूस आहे एवढं मानावं लागतं.

विचारणारी आम्हाला पुढे भेटली. दुसऱ्या इस्पितळातली केरळची सिस्टर. मराठी मोडकं. ती आयच्या मागून कधी बोलली नाही. समोर यायची, खांद्याला हात लावायची, उजेड स्वतःच्या तोंडावर घ्यायची, मास्क खाली करायची. ओरडायची नाही. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात, बहिऱ्याला ते वाचता येत नाहीत. एक वाक्य, मग थांबणं. कळलं नाही तर तेच पुन्हा न घोकता दुसऱ्या शब्दांत. तरी अडलं तर वहीवर मोठ्या अक्षरात. शेवटी आयकडून वदवून घ्यायची, गोळी कधी घेणार? बहिरं माणूस लाजेनं नुसतं "हो हो" करतं, हे त्या बाईला माहीत होतं. आम्हाला घरात माहीत नव्हतं. आम्ही आयवर खेकसायचो. बाप तर तिला चारचौघांत "बहिरे" म्हणायचा.

वस्तीत पोरांचे कान वाहतात. त्यात गरम तेल ओततात, हेअरपिन घालतात. तीच सिस्टर सांगायची, तेल नको, पिन नको. स्वच्छ कापडाची कोरडी वात करा, पू टिपा, भिजली की बदला, कानात पाणी जाऊ देऊ नका, डॉक्टरला दाखवा. थेंब दिले तर बाटली आधी मुठीत धरून कोमट करा. गार थेंबाने चक्कर येते. यातलं काय अवघड आहे? पण आपल्या पोराचा वाहता कान हातात घ्यायला हात पुढे यावा लागतो. तिथंच घोडं पेंड खातं.

मी गोदीत काम करतो. जहाजाच्या पोटात पोलादी प्लेटा आदळतात. 85 डेसिबलचा आवाज आठ तास, त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, हा हिशेब बऱ्याच ठिकाणी मानतात. 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. आमची पाळी आठ तासांची. टोळीतले म्हातारे एकमेकांशी हातवारे करून बोलतात. नवी पोरं हसतात. आणखी वीस वर्षांनी तीही हातवारेच करणार आहेत. मी पण.

आता कडू बोलतो. आपल्याच 14 एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीला चिकटून चार-चार तास आपण नाचतो. खांद्यावर पोर असतं. तिथं पंधरा मिनिटांचा हिशेब कोण करतो? हे कथील मनूने ओतलेलं नाही. आपणच पैसे देऊन भाड्याने आणलंय. बाबासाहेबांनी शिका म्हटलं. शिकायला ऐकू यावं लागतं.

तेव्हा मागणी सरळ आहे. कानाला घातक औषध देणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात कानाची तपासणी आणि प्रश्न विचारणारी नर्स. गोदीत, कारखान्यात वर्षाला एकदा कामगाराचे कान तपासा, बोळे द्या. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2006-07 पासून कागदावर आहे. वांद्र्याला अली यावर जंग संस्था 1983 पासून उभी आहे. वस्तीतली किती पोरं तिथवर पोचली, हे आपल्या शाखांनी दारोदार जाऊन मोजावं. मोर्चा त्यानंतर.

आणि तोवर आपल्या घरातल्या बहिऱ्यासमोर बसा. तोंडावर उजेड घ्या.

परवा मी आयच्या समोर उभा राहून सावकाश म्हणालो, "जय भीम." तिने माझे ओठ बघितले आणि "जय भीम" म्हणाली. नऊ वर्षं मी तिला ते पाठीमागून म्हणत होतो.