शेताचा कोपरा कोणाचा?

राष्ट्र कोणाला आपले मानते, हे त्याच्या अंदाजपत्रकावरून कळते. अमेरिकेत ४ जुलै २०२५ रोजी अमलात आलेला अर्थविषयक कायदा या कसोटीवर आम्हांस अन्यायकारक वाटतो. गरिबांच्या औषधोपचाराचा भार उचलणारी 'मेडिकेड' आणि अन्नसाहाय्य देणारी 'स्नॅप' या योजनांना त्याने कात्री लावली; २०१७ सालच्या करसवलती मात्र बव्हंशी कायम केल्या. अमेरिकन संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचे गणित पाहा: सर्वांत गरीब दहा टक्के कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न सरासरी १,२०० डॉलरने घटेल, सर्वांत श्रीमंत दहा टक्क्यांचे १३,६०० डॉलरने वाढेल. २०३४पर्यंत सुमारे एक कोटी अधिक माणसे आरोग्यविम्याविना राहतील.

समर्थक म्हणतात, धडधाकटांनी महिन्याला ८० तास काम केल्याचा पुरावा द्यावा. आर्कान्सा राज्याने २०१८ साली हाच प्रयोग केला. काही महिन्यांत १८,०००हून अधिक लोकांचे मेडिकेड गेले. रोजगार मात्र वाढला नाही, असे संशोधकांना आढळले. बहुतेक जण आधीच काम करीत होते किंवा सवलतीस पात्र होते. त्यांच्या आड आळस नव्हे, कागद आला. रेशनकार्डासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको.

दुसरे उत्तर अधिक भाविक आहे: गरिबांना चर्चने सांभाळावे. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे कार्य आम्हांस वंदनीयच आहे. परंतु धर्मग्रामाची दानपेटी कर्करोगाच्या उपचारांचा खर्च किती जणांसाठी, किती वर्षे उचलणार? मोशेच्या नियमशास्त्रात शेताचा कोपरा गरिबांसाठी राखणे ही मालकाची मेहेरबानी नव्हती. तो नियम होता. रूथने बवाजाच्या शेतात सरवा वेचला, तो त्याच नियमाच्या आधारे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम'मध्ये दुर्बलांच्या रक्षणाची विशेष जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकली. अमेरिकेच्या बिशपांनीही २०२५ साली या कपातीस उघड आक्षेप घेतला, तो याच परंपरेतून.

दान देणारा हात पवित्रच आहे. पण ज्यांनी गरिबाच्या वाट्याचा कोपरा नांगरून आपल्या शेतात घेतला, त्यांनी त्याला दानपेटीकडे बोट दाखवू नये.