विश्लेषण : पुण्यातील ‘जीबीएस’ची साथ आकड्यांना आधी का दिसली नाही?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात ‘गिलेन-बारे सिंड्रोम’चे (जीबीएस) रुग्ण अचानक वाढले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेपलीकडे गेली आणि काहींचा मृत्यूही झाला. या साथीने रोगसर्वेक्षण यंत्रणेचे बळ दाखवले, तशी तिची मोठी उणीवही उघड केली.

रुग्णवाढ ही साथच आहे, हे कसे ठरले?

जीबीएस संसर्गजन्य नाही. एखाद्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडू लागतात. साधारणपणे एक लाख लोकांमागे वर्षाला एक ते दोन रुग्ण आढळतात. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे शहराची लोकसंख्या सुमारे ३१ लाख. म्हणजे महिन्याला साधारण तीन ते पाच रुग्ण अपेक्षित. काही दिवसांतच डझनावारी रुग्ण दाखल झाल्यावर शंकेला जागा उरली नाही. नेहमीचा आकडा किती, हे माहीत असेल तरच वाढलेला आकडा ओळखता येतो.

पत्त्यांवरून काय कळले?

रुग्णांचे पत्ते पाहिल्यावर सिंहगड रस्ता परिसर, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हीच नावे पुन्हा पुन्हा येत होती. यातील बराचसा भाग अलीकडच्या काळात महापालिकेत आलेला. त्यामुळे संशय पाण्याकडे वळला. घरोघरी सर्वेक्षण झाले, पाण्याचे नमुने तपासले गेले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळला. दोन्हींमुळे जुलाब होतात. दूषित पाणी व अन्न हा त्यांच्या प्रसाराचा एक मार्ग.

मग उशीर कुठे झाला?

जीबीएसची लक्षणे संसर्गानंतर काही दिवसांनी ते काही आठवड्यांनी दिसतात. म्हणजे रुग्ण अतिदक्षता विभागात पोहोचतो, तेव्हा ते पाणी पिऊन बरेच दिवस झालेले असतात. शिवाय कॅम्पिलोबॅक्टरच्या साधारण हजार रुग्णांपैकी एकालाच जीबीएस होतो, असा अंदाज आहे. त्यामुळे अशा संसर्गातून झालेल्या जीबीएसच्या एका रुग्णामागे जुलाबाचे शेकडो रुग्ण असू शकतात. खरी पूर्वसूचना तीच होती.

ती नोंद का होत नाही?

देशात २००४ पासून ‘एकात्मिक रोगसर्वेक्षण कार्यक्रम’ सुरू आहे. त्यात आरोग्यसेविका लक्षणांची, डॉक्टर संभाव्य निदानाची आणि प्रयोगशाळा तपासणीतून खात्री झालेल्या रुग्णांची माहिती देतात. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या नव्या डिजिटल मंचावर ३३ आजारांची नोंद होते. पूर्वी ती १८ आजारांची होती. जुलाबही या यादीत आहेत. पण जुलाब झालेला माणूस आधी औषधाच्या दुकानात जातो, फार तर गल्लीतल्या खासगी दवाखान्यात. दोन दिवसांत बरा होतो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही. महागडे उपचार लागणारा आजार खासगी रुग्णालयांतून महापालिकेला कळला; त्याआधीचा स्वस्त, साधा आजार मात्र कळला नाही.

पुढे काय?

नवीन ॲप किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता आणून हा प्रश्न आपोआप सुटणार नाही. इंटरनेटवरील शोधांवरून फ्लूचा अंदाज बांधणारी गूगलची सेवा २००८ मध्ये गाजावाजा करून आली. २०१२-१३ च्या हंगामात तिचे अंदाज प्रत्यक्षापेक्षा खूप जास्त निघाले आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदीला पर्याय नाही. खासगी दवाखान्यांतील जुलाबाच्या रुग्णांची निव्वळ संख्या आणि परिसर एवढे जरी दर आठवड्याला मिळाले, आणि ते पाण्याच्या तपासणी अहवालांशी जोडून पाहिले, तरी पुढची साथ अतिदक्षता विभागात पोहोचण्याआधी दिसू शकते. त्यासाठी रुग्णाचे नावही लागत नाही.