लाभार्थी नव्हे, कार्यकर्ती

दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनाला, तालुक्याच्या गावी मंडप पडतो. तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रे ओळीने मांडलेली असतात. पाहुणे येतात, हार होतात, वाटप होते, फोटो निघतात. सायकल हवीच. मी स्वतः लहानपणच्या पोलिओमुळे कुबडी घेऊन चालते, साधनाची किंमत मला कळते. माझी तक्रार वेगळी आहे. त्या मंडपात अपंग माणसाच्या हातात सायकल येते, माईक येत नाही. आणि अपंग बाई तर बहुतेक वेळा मंडपातही नसते. तिच्या नावाची वस्तू न्यायला भाऊ नाहीतर दीर आलेला असतो.

मैत्रिणींनो, म्हणून एक सरळ मागणी तुमच्यापुढे ठेवते. बीड जिल्ह्यात आपण बचत गटांची, कायद्याची, आरोग्याची, पंचायतीची जी शिबिरे घेतो, त्यांत अपंग बाईला कार्यकर्ती म्हणून घडवले पाहिजे. आणि तिला शिकवायला अपंग बाईच उभी राहिली पाहिजे.

सरकार आता आम्हाला 'दिव्यांग' म्हणते. शब्द गोड आहे, पण दिव्यत्वाने जिना चढता येत नाही. मी 'अपंग'च म्हणते. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यांत स्त्रिया १ कोटी १८ लाख. बायकांना अपंगत्व कमी येते असे समजायचे कारण नाही. मोजणारा दारात आला तेव्हा किती जणी आतल्या खोलीत होत्या, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

'स्वतंत्र जगणे' म्हटले की लोकांना वाटते, एकटीने राहणे, कुणाची मदत न घेणे. तसे नाही. मदत कुणाला लागत नाही? गिरणीत दळण न्यायला, बाळंतपणाला, पेरणीला माणसाला माणूस लागतेच. प्रश्न एवढाच की मदत कशी, कधी, कुणाची घ्यायची हे कोण ठरवणार. १९७२ साली अमेरिकेत बर्कले इथे एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतंत्र जगण्याचे केंद्र उभारले, तेव्हा मुद्दा हाच होता. पोलिओने रॉबर्ट्स यांचे हातपाय गेले होते, श्वासालाही यंत्र लागे. पण केंद्र चालवणारे अपंगच होते. पुढे हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या करारात आले, त्याला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही समाजात राहण्याचा हक्क लिहिला आहे.

हे सगळे परदेशीच आहे असेही नाही. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी चाकाच्या खुर्चीवरून १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. त्याच संस्थेत राहून पुढे सोनाली नवांगुळ बाहेर पडल्या, कोल्हापुरात स्वतःचे घर करून स्वतःच्या हिमतीवर राहू लागल्या, लिहू लागल्या. त्यांच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार मिळाला. संस्था लागते, आणि संस्थेच्या दाराबाहेरचा रस्ताही लागतो, हे या दोघींकडून कळते.

पण बीडचे काय? आमच्याकडे निम्मे वर्ष गावच जागेवर नसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. ज्याला कोयता धरता येत नाही तो मागे राहतो. म्हणजे म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि अपंग. मागे राहिलेल्या अपंग बाईकडे पोरे, शेळ्या आणि सासू सोपवून लोक निघून जातात. तिला 'बसून खाणारी' म्हणतात, आणि सहा महिने घर तीच सांभाळते!

याची दुसरी बाजू पाहा. २६ जानेवारीची ग्रामसभा ऐन हंगामात येते. धडधाकट माणसे फडात असतात. गावात हजर असते ती अपंग बाई. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे, असा नियम महाराष्ट्रात आहे. तो पैसा कुठे गेला हे विचारायचा हक्क तिला आहे, आणि विचारायला वेळही तिलाच आहे. नाही ती फक्त माहिती आणि पाठीवर हात. वर्षभर गावात राहणारी, कुणाच्या घरी काय चालले आहे हे ओळखणारी बाई ही कार्यकर्ती व्हायला सगळ्यांत लायक आहे, असे माझे म्हणणे आहे. रेशन, निराधार योजनेचे अर्ज, मागे राहिलेल्या मुलींची शाळा आणि त्यांची लवकर उरकली जाणारी लग्ने, या सगळ्यांवर तिची नजर राहू शकते.

स्त्री चळवळीला हा विषय बाजूचा वाटत असेल, तर दोन घटना आठवाव्यात. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण सांगितले ते पाळीच्या स्वच्छतेचे. स्त्री संघटनांनी आवाज उठवला तेव्हा ते थांबले. पंचवीस वर्षांनी, २०१९ मध्ये, आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली निघाली. तिथे पाळी म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे दंड. एकीचे शरीर 'कामाचे नाही' म्हणून, दुसरीचे 'कामात अडथळा नको' म्हणून. दोघींच्या शरीराचा हिशेब दुसऱ्यानेच केला. २०१६ च्या कायद्याचे कलम १० सांगते की समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय कुठल्याही अपंग व्यक्तीवर वंध्यत्व आणणारा उपचार करता येणार नाही. हे कलम गावातल्या किती आयांना ठाऊक आहे? ते सांगणारी अपंग कार्यकर्ती असेल, तर ते ऐकलेही जाईल.

आक्षेप मला पाठ आहेत. 'आधी पोटाचे बघा, मग पुढारपण.' पण पोटाच्या योजना आहेत आणि त्या तिच्यापर्यंत पोचत नाहीत, त्या विचारणारे कुणी नाही म्हणूनच. 'घरचे पाठवत नाहीत.' घरचे आपल्याला तरी कुठे पाठवत होते? १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली, त्याआधी टाकलेल्या बाईबद्दल फक्त हळहळ होती. त्या स्वतः बोलल्या तेव्हा तो हक्काचा प्रश्न झाला. 'तिला आणायचे कसे?' हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर खर्चाच्या अंदाजपत्रकात आहे.

शिबिर तळमजल्यावर घ्या, आणि आधी संडासाचे दार मोजा. सोबत येणाऱ्या बाईचे भाडे आणि बुडालेली मजुरी शिबिराच्या खर्चात धरा. बहिऱ्या बायकांसाठी खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती बोलवा. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींना 'तिला काय कळते' म्हणून वगळू नका. चित्रांनी, सोप्या शब्दांत सांगा, थांबून ऐका. एका दिवसाच्या भाषणाने काही होत नाही. दोन-चार दिवसांची निवासी बैठक आणि मग वर्षभर दर महिन्याला भेट, असे हवे. शिवणयंत्र आणि मेणबत्त्यांच्या पलीकडे जाऊन अर्ज लिहिणे, जमाखर्च वाचणे, सभेत उभे न राहता बोलणे, नको त्या मदतीला नाही म्हणणे, हे शिकवा. घरातल्या मारहाणीबद्दल आणि बळजबरीबद्दल बोलायला जागा द्या. शिकलेल्या बाईने पुढे आपल्या गटातल्या अपंग बायकांच्या घरी जावे. आतल्या खोलीचे दार तिलाच उघडते. बचत गटाला दहा जणी मिळत नसतील, तर अपंगांच्या गटाला पाच जणीही चालतात, ही सवलत वापरा.

पंचायतीत बायकांना आधी तेहतीस टक्के, मग २०११ पासून महाराष्ट्रात पन्नास टक्के जागा मिळाल्या. अपंगांसाठी आपल्याकडे अशी जागा नाही. तमिळनाडूने २०२५ मध्ये स्थानिक संस्थांवर अपंगांना सदस्य नेमण्याचा कायदा केला. आपणही मागू. पण जागा मिळून भागत नाही, हे आपल्याइतके कुणाला माहीत? सरपंच बाई सही करते आणि सरपंचपती कारभार करतो, हे आपण पाहिले आहे. अपंग सदस्याच्या मागेही कुणीतरी असाच उभा राहील. म्हणून तयारी आधी, जागा नंतर, किंवा निदान दोन्ही बरोबर.

तेव्हा आपापल्या गटाच्या पुढच्या बैठकीत दोनच प्रश्न घ्या. आपल्या गावात अपंग बायका किती, आणि त्यांतली आपल्या गटात किती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शून्य आले, तर टोळ्या गावातून हलण्याआधी त्या घरांची दारे वाजवा. २६ जानेवारीला ग्रामसभेत ५ टक्क्यांचा हिशेब त्यांनाच मागू द्या. आपण फक्त त्यांच्या शेजारी बसू.