भिंतीपलीकडचे फुकट ज्ञान

व्हिडिओ खेळांच्या वादात साहित्याच्या अध्यापकांनी का पडावे, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकलेले बरे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या महाविद्यालयांत आम्ही मराठी शिकवतो. निवेदक कोण, त्याला किती ठाऊक, त्यातले वाचकाला केव्हा आणि किती कळू द्यायचे, हे आमचे नित्याचे विषय. समोर बसलेल्या मुलांनी यातल्या कितीतरी गोष्टी कादंबरी हाती घेण्यापूर्वीच पडद्यावर अनुभवलेल्या असतात. त्यांना त्यांची नावे तेवढी माहीत नसतात. म्हणजे हा वाद आमच्या अंगणातलाच आहे. आपण परके असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही.

वाद असा. 'स्टेल्थ' नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांत लढणे हा शेवटचा उपाय असतो. पहारेकऱ्यांच्या नजरेआडून, अंधाराच्या आडोशाने, पावलांचा आवाज होऊ न देता इष्ट स्थळी पोहोचायचे असते. गेल्या दीड-दोन दशकांत या खेळांतल्या नायकाला सर्रास एक सिद्धी बहाल होऊ लागली. एक कळ दाबली की भिंती पारदर्शक होतात आणि पलीकडचे शत्रू चमकत्या आकृत्यांसारखे दिसू लागतात. आपण तिला पारदृष्टी म्हणू. तिच्यामुळे खेळ फार सोपे झाले, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, नको असेल तर कळ दाबू नका, इतरांच्या आनंदात विरजण कशाला?

आमच्या मते दोन्ही पक्ष चुकीच्या जागी भांडत आहेत. सोपे की अवघड ही मोजपट्टीच येथे कामाची नाही. बुद्धिबळात प्रतिपक्षाची सोळाच्या सोळा मोहरी डोळ्यांसमोर असतात, म्हणून तो खेळ सोपा झाला आहे काय? विचारायचा प्रश्न वेगळा आहे: खेळाडूला जे ज्ञान मिळते, त्याची किंमत त्याने कोणत्या नाण्यात मोजली? ज्ञान फुकट मिळाले की ते ज्या जगाविषयी आहे ते जग मुके होते. आमची तक्रार या मुकेपणाविषयी आहे.

जुन्या खेळांकडे पाहिले म्हणजे हे उलगडते. १९९८ साली 'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' आला. त्यात नायक चोर. गालिच्यावरून चालले तर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजते, लोखंडी जाळीवर तर दणदणते. पहारेकरी गुणगुणतो, पुटपुटतो, त्यावरून तो किती अंतरावर आहे याचा अदमास घ्यायचा. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची आणि स्वतःसाठी अंधार निर्माण करायचा. येथे घराचा प्रत्येक दगड खेळाडूशी काहीतरी बोलत असतो. ते ऐकणे हाच खेळ.

कुणी म्हणेल, त्याच वर्षीच्या 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये रडार होतेच की. होते. त्यावर शत्रू दिसत आणि ते कोणत्या दिशेला पाहत आहेत तेही दिसे. पण आपण शत्रूच्या दृष्टीस पडलो की नेमक्या गरजेच्या क्षणी ते रडार निकामी होई, आणि अवघड पातळीवर ते मिळतच नसे. 'कमांडोज' या स्पॅनिश खेळात, तोही १९९८ चाच, सगळा तळ वरून दिसे. मात्र शत्रूच्या नजरेचा पट्टा एका वेळी एकाच शिपायाचा पाहता येई. कोणाचा पाहायचा हे ठरवावे लागे, आणि त्या निवडीतच खेळ होता. २००० सालचा 'प्रोजेक्ट आयजीआय' तर आमच्या पिढीने सायबर कॅफेतल्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसून खेळलेला. त्यात उपग्रहाच्या नकाशावर तळावरचे शिपाई टिपून ठेवता येत. परंतु नकाशा मिटला की ते सारे आपल्या स्मरणावर. मोहिमेच्या मध्ये खेळ जतन करण्याची सोय नसल्याने विसरण्याची शिक्षा म्हणजे सगळे पहिल्यापासून. माहिती या सगळ्या खेळांत मिळत होती. ती कष्टाने तरी मिळे, अपुरी तरी मिळे, नाहीतर लक्षात तरी ठेवावी लागे.

किंमत कशी घसरत गेली याचे बोलके उदाहरण 'असॅसिन्स क्रीड' या मालिकेत आहे. २००७ च्या पहिल्या भागात नायकाला 'गरुडदृष्टी' होती, पण ती वापरण्यासाठी त्याला एका जागी स्तब्ध उभे राहावे लागे. पाहायचे तर थांबायचे, असा तो साधा आणि सुंदर करार होता. २००९ च्या दुसऱ्या भागात चालता-धावताही ती दृष्टी वापरता येऊ लागली. त्याच वर्षी 'बॅटमन: अर्कहम असायलम'ने या प्रवृत्तीला तिचे प्रसिद्ध रूप दिले. त्यातल्या 'डिटेक्टिव्ह मोड'मध्ये भिंतींपलीकडचे शत्रू सांगाड्यांच्या रूपात दिसतात, शस्त्रधारी तर वेगळ्या रंगात. ही दृष्टी कितीही वेळ चालू ठेवा, तिचे मोल काही नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. कलावंतांनी जीव ओतून उभे केलेले ते वेड्यांचे इस्पितळ कित्येक खेळाडूंनी जवळजवळ सबंध निळ्या धुक्यातून पाहिले. खोल्या, सावल्या, भिंतींवरचे डाग हे सगळे त्यांच्या लेखी अडथळेही उरले नाहीत, कारण नजर त्यांच्या आरपार जात होती.

आता 'कळ दाबू नका' या युक्तिवादाकडे वळू. वरवर उदार वाटणारा हा युक्तिवाद रचनेचे स्वरूप विसरतो. खेळाडू आरपार पाहणारच, असे गृहीत धरून ज्या खोल्या बांधल्या जातात, त्यांत ऐकू येणाऱ्या खुणा, जमिनीवर पडणाऱ्या सावल्या, पहाऱ्याचा ओळखता येणारा ताल यांची निगा राखलीच जाते असे नाही. दृष्टी बंद केली की मागे जुना बोलका वाडा उरेल, ही भाबडी आशा झाली. अनेकदा उरतो तो फक्त अंधार. खरी कसोटी म्हणूनच अशी: सिद्धी काढून घ्या आणि जग बोलते का ते पाहा. २०१३ चा 'द लास्ट ऑफ अस' या कसोटीला उतरतो. त्यात कान देऊन भिंतीपलीकडची चाहूल घेण्याची सोय आहे, पण ती घेताना नायकाला वाकून, मंद गतीने चालावे लागते. 'सर्व्हायव्हर' पातळीवर ती सोय काढून घेतली तरी खेळ उभा राहतो, कारण आवाजांची रचना मुळातच पक्की आहे.

एक आक्षेप मात्र आम्ही मनापासून मान्य करतो. ज्यांना ऐकू येत नाही किंवा नीट दिसत नाही, त्यांच्यासाठी अशी साहाय्ये म्हणजे खेळाचे दारच होय. २०२० साली याच खेळाच्या दुसऱ्या भागाने साठाहून अधिक सुगम्यतेचे पर्याय दिले, ते योग्यच केले. चश्म्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. पण चश्मा वाचकाला पानापर्यंत नेतो. पान वाचून दाखवून वर त्याचे तात्पर्यही सांगणे हे चश्म्याचे काम नव्हे.

साहित्याकडून येणारा आक्षेप अधिक वजनदार आहे. सर्वज्ञ निवेदक भिंतीपलीकडचेच काय, मनातलेही पाहतो. मग खेळाडूलाच ते का नाकारायचे? शिवाय हिचकॉकने त्रुफोशी बोलताना दिलेले टेबलाखालच्या बाँबचे उदाहरण आहेच: बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी कळले तरच ताण निर्माण होतो. दोन्ही मुद्दे खरे. पण ते आमच्याच बाजूने बोलतात. सर्वज्ञ निवेदकाला सगळे ठाऊक असते, तो सगळे सांगत नाही. केव्हा थांबायचे यातच त्याची कला. आणि हिचकॉकचा प्रेक्षक बाँब पाहतो तेव्हा हात बांधलेला असतो. ज्ञान आहे, कृती करता येत नाही, हीच त्याने मोजलेली किंमत. पारदृष्टीच्या खेळाडूला ज्ञानही आहे आणि मोकळे हातही. ताण यावा कुठून?

याउलट आपल्या परंपरेतले उदाहरण घ्या. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मधून येऊ लागली. तिची निवेदक यमू. तिला दिसते तेवढेच, तिच्या कानांवर पडते तेवढेच आपल्याला कळते. घरातले मोठे काय ठरवत आहेत याचा माग तिला तुटक शब्दांवरून, बदललेल्या आवाजावरून घ्यावा लागतो, आणि वाचकाला यमूला न कळलेलेही तिच्याच शब्दांमधून ओळखावे लागते. भिंतीमागच्या माणसांना हरिभाऊंनी चमकत्या आकृत्या केले असते, तर कादंबरी 'सोपी' झाली असती काय? ती कादंबरीच राहिली नसती. त्या भिंतीच तर तिचा विषय आहेत.

आमच्या भागातले एक उदाहरण देतो. कडबनवाडी आणि शिर्सुफळच्या गवताळ रानांत लांडगा आहे, आणि त्याच रानांत धनगरांच्या मेंढ्या चरतात. लांडगा गवतात दिसत नाही. मेंढ्या चरता चरता माना वर करतात, एकमेकींना चिकटतात, टिटवी अवेळी ओरडते, कुत्र्याच्या भुंकण्याची जात बदलते, आणि धनगर उठून उभा राहतो. त्यालाही पलीकडचे 'दिसते', पण ते रानाने त्याला दाखवलेले असते. या दृष्टीमागे वर्षानुवर्षांच्या जागत्या रात्री आहेत. १६६३ च्या एप्रिलमध्ये लाल महालात शायिस्तेखानावर जो छापा पडला, त्यालाही हाच नियम लागू. शिवाजी महाराजांना त्या वास्तूच्या भिंतींपलीकडचे ठाऊक होते, कारण त्यांचे बालपण तिथे गेले होते.

यावर कुणी म्हणेल, जुन्नर-शिरूरकडे उसातला बिबट्या शोधायला वनखात्याने थर्मल ड्रोन वापरले, त्यालाही तुमचा विरोध का? मुळीच नाही. उसाच्या फडात कोयता घेऊन उतरणाऱ्या बाईला आरपार दिसणारे शंभर डोळे मिळोत. तिथे जीव पणाला लागलेला असतो, आणि अडचण कुणी हौसेने पत्करलेली नसते. खेळ आणि साहित्य यांत मात्र आपण अडचण आपखुशीने पत्करतो, कारण तिच्यातून जाताना आपल्यात काही घडावे अशी इच्छा असते. जीवनात धोका टळला की काम झाले. खेळात तो फुकटात टळला, तर आपण तिथे गेलो कशाला?

हा सगळा खटाटोप आम्हांला महत्त्वाचा वाटतो, याचे कारण वर्गात आहे. पारदृष्टीचे साहित्यातले नाव 'गाइड' असे आहे. कविता वाचण्याआधी तिचा आशय, मध्यवर्ती कल्पना आणि अपेक्षित प्रश्न हाती येतात. शब्दांच्या भिंतीपलीकडे अर्थ सांगाड्यासारखा चमकताना दिसतो. गुण मिळतात. पण ओळींचा ताल, मध्येच सोडलेली जागा, एखाद्या शब्दाचा अनपेक्षित खडबडीतपणा यांतले काहीही त्या विद्यार्थ्याच्या पावलाखाली वाजत नाही. त्याला कविता 'सोपी' गेली असे म्हणणे म्हणजे भाषेचा दुरुपयोग होय. तो कवितेत शिरलेलाच नसतो.

म्हणून खेळ रचणाऱ्यांकडे आमचे मागणे अवघडपणाचे नाही. दिसू द्या, हवे तेवढे दिसू द्या, पण पाहण्याला मोल ठेवा. पाहणाऱ्याला थांबावे लागू दे, निवडावे लागू दे, लक्षात ठेवावे लागू दे, कधी चुकावेही लागू दे. आणि साहित्य शिकवणाऱ्यांकडेही मागणे तेच. भिंत असली तरच तिला कान लावता येतो.