चाळिशी

मराठीत ‘चाळिशी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, वयाचं चाळिसावं वर्ष. दुसरा, त्या सुमाराला लागणारा जवळचा चष्मा. भाषेला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पण ‘चाळिशी लागली’ म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? आरामखुर्चीत पेपर वाचणारे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेतलेले गृहस्थ. सुईत दोरा ओवणारी बाई काही येत नाही.

माझं वय ३८. या वयाच्या गमती आता रोज भेटू लागल्यात. कालपर्यंत ‘ताई’ म्हणणारा कंडक्टर ‘मावशी’ म्हणतो. प्रशिक्षणाला गेलं की मुली लगबगीने खुर्ची पुढे करतात. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचताना हात आपोआप लांब जातो. मैत्रिणी जमल्या की आम्ही यावर खूप हसतो. आम्हाला हसणं परवडतं. आमचा पगार नजरेवर अवलंबून नाही आणि चष्म्याचं दुकान रस्त्याच्या पलीकडे आहे.

मैत्रिणींनो, विडी वळणाऱ्या बाईचा विचार करा. पान कात्रीने मापात कापायचं, जर्दा भरून वळायचं, टोक दुमडायचं, बारीक दोऱ्याने बांधायचं, आणि हे दिवसाला शेकड्यांनी. सगळं काम डोळ्यांपासून हातभर अंतराच्या आत. तपासणीत नापास झालेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत. चाळिशीच्या आसपास या विड्या वाढायला लागतात. बाई म्हणते, “आता पहिल्यासारखं होत नाही.” शिवणकाम करणारी बारीक काम सोडून फक्त फॉल-पिको करते. गटाची जमाखर्चाची वही लिहिणारी म्हणते, “आता नव्या पोरींनी लिहावं.” घरात भातात खडा लागला की सून तोंड वाकडं करते. यातली एकही बाई ‘मला दिसत नाही’ असं म्हणत नाही, कारण तिला दिसतंच. लांबून येणारी एसटी तिला आपल्या सगळ्यांच्या आधी दिसते!

होतं काय, की डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं. जवळचं पाहायला ते जेवढं फुगायला हवं तेवढं फुगत नाही. हा आजार नाही आणि दुर्बलताही नाही. बाईला, पुरुषाला, शिकलेल्याला, अडाण्याला, सगळ्यांना हे होतं. गाजर खाऊन किंवा डोळ्यांचे व्यायाम करून ते थांबत नाही. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चष्मा, आणि तो बाजारात शे-दीडशे रुपयांतही मिळतो.

मग बायका तो का घेत नाहीत? हा प्रश्न मी वस्तीत अनेकींना विचारते. पैशांची अडचण असतेच, पण पहिलं उत्तर ते नसतं. पहिलं उत्तर असतं, “मला कुठं वाचायचंय?” चष्मा वाचणाऱ्याला लागतो आणि वाचतो पुरुष, असा हिशोब घराघरांत पक्का बसलाय. तिचं सगळं काम बारीक नजरेचं असूनही त्याला नजरेचं काम कुणी म्हणत नाही. काही घरांत तर ‘चष्मेवाली’ म्हणजे एक तर शिष्ट, नाही तर म्हातारी. त्यामुळे जिला चष्मा आहे तीही तो सासरच्या माणसांसमोर घालत नाही.

या चष्म्याची किंमत मोजली गेली आहे. आसामच्या चहामळ्यांतल्या ७५१ मजुरांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. सगळे चाळिशीच्या पुढचे, बहुतेक बायका. निम्म्यांना जवळचा चष्मा लगेच दिला, बाकीच्यांना अभ्यास संपल्यावर. चष्मेवाल्या मजुरांनी इतरांच्या मानाने दिवसाला सुमारे पाच किलो पाला जास्त खुडला. म्हणजे जवळजवळ २२ टक्के वाढ. बांगलादेशातला असाच अभ्यास २०२४ साली आला. ३५ ते ६५ वयाच्या ८२४ कष्टकरी माणसांपैकी ज्यांना चष्मा मिळाला त्यांची कमाई आठ महिन्यांत सुमारे एक तृतीयांशाने वाढली. कमाई एवढी वाढवणारी किती कर्जं आपण आजवर गटांना मिळवून दिली, हे ज्याचं त्याने मनाशी ताडून पाहावं.

सरकारच्या लेखी बाई किशोरी असते, मग गरोदर माता, मग एकदम वृद्ध. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. त्याचा भर मुख्यतः मोतीबिंदूवर राहिला, चष्म्यांच्या वाटपात शाळेतली मुलं आणि वयस्क माणसं धरली गेली. मधली चाळीस-पंचेचाळिशीची कमावती बाई कुठेच बसत नाही. या वयाच्या बाईच्या शरीराकडे लक्ष जातं ते गर्भाशय काढायचं असेल तेव्हा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं काय झालं ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचलं.

याहून विसंगती पाहा. नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ असा आखला आहे, पंधरा वर्षांच्या पुढच्या निरक्षरांसाठी. वर्गात येणाऱ्या अनेकजणी पन्नाशीच्या. त्यांच्या हातात पुस्तक येतं, चष्मा येत नाही, आणि मग त्यांना ‘अक्षर कळत नाही’ असा शेरा मिळतो. अंगणवाडी सेविकांना २०२१ पासून मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरावा लागतो. ज्या पंचविशीत लागल्या त्या आज पन्नाशीला टेकल्यात. त्यांची नोंद चुकली तर विचारणा होते, पण ती इवलीशी अक्षरं दिसतात का, हे कोण विचारतं?

आपल्यापैकी काहीजणी म्हणतील, चष्मेवाटप हे शिबिरं भरवणाऱ्या मंडळांचं काम, चळवळीचं नव्हे. मला हे पटत नाही. मायक्रोफायनान्सच्या कागदावर बारीक अक्षरात काय लिहिलंय हे न पाहता सही होते तेव्हा तो हक्काचाच प्रश्न असतो. कर्ज देताना आपण पाच कागद तपासतो. त्यासोबत सभासदाची जवळची नजर तपासायला दोन मिनिटं लागतात. सुईत दोरा ओवायला द्या, पासबुकातली शेवटची ओळ वाचायला सांगा. निरक्षर असेल तर तांदळातले खडे वेचायला द्या. नंबर दर काही वर्षांनी बदलतो हेही सांगायला हवं. आणि तयार चष्म्यावर सगळं भागवू नये. लांबचंही धूसर दिसत असेल, साखर असेल किंवा डोळा दुखत असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. पण मागणी मात्र स्पष्ट हवी: ३५ च्या पुढच्या प्रत्येक कष्टकरी बाईला जवळचा चष्मा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत, रेशनच्या धान्यासारखा हक्काने.

आमच्या एका गटाने उशिरा येणाऱ्यांच्या दंडातून वेगवेगळ्या नंबरचे तीन चष्मे घेतले आणि गटाच्या पेटीत ठेवले. सही करायची, पावती वाचायची तर तो लावायचा. पहिल्या महिन्यात वहीतल्या बेरजेत दोन चुका सापडल्या, दोन्ही बँकेच्या. सध्या पेटीत दोनच चष्मे आहेत. तिसरा एका सभासदाच्या नवऱ्याने पेपर वाचायला नेला आहे. तो परत आणायचा विषय पुढच्या बैठकीत पहिला घेतला आहे.