ताट कुणाच्या हातात?

शहापूर-मुरबाडमध्ये बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या वाढत्या वजनाचा विषय काढला की शेरा ठरलेला : “इथे कुपोषणाने पोरं मरतात आणि तुम्हाला लठ्ठपणाचं पडलंय!” आम्ही म्हणतो, मूळ एकच आहे. ताट दुसऱ्याच्या हातात आहे.

2010 आठवा. शहापूर तालुक्यातल्या कवडास येथील मतिमंद (हा तेव्हाचा सरकारी शब्द) मुलांच्या निवासी संस्थेत कुपोषणाने मुले दगावल्याच्या बातम्या आल्या. मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. चार दिवस हळहळलो आणि विसरलो.

आज वाडीपाड्यांत दुसरे चित्र दिसते. आईबाप वीटभट्टीवर किंवा मजुरीला. तिशीतला मुलगा दिवसभर घरात. रेशनच्या तांदळाचा भात, गोड चहा, गप्प बसावा म्हणून पाच रुपयांचा बिस्किटपुडा. मुलगी असेल तर भीतीपोटी उंबऱ्याबाहेर सोडतच नाहीत, आणि ती भीती खोटी नाही. त्यात फिटसाठी व्हॅल्प्रोएट किंवा वागणुकीसाठी रिस्पेरिडोन, ओलान्झापिन चालू असेल तर वजन गोळ्यांनीही वाढते. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉईड मंद असण्याची शक्यता मोठी. पण रक्त तपासले कुणी? दोष मात्र त्याच्यावर : “याला तोंड आवरत नाही.” मग डब्याला कुलूप. याला आम्ही शिक्षा म्हणतो.

अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंत वजन होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो. तिशीपुढे आशाताई कंबर मोजून फॉर्म भरते. पण त्यानंतरचा सल्ला चित्रांतून, त्या माणसाला कळेल असा कोण देणार? सोबत चालायला कोण येणार? शहरात पैसेवाल्यांसाठी दिवसभराची केंद्रे आहेत. कातकरी पाड्यावर आणि बौद्धवाड्यात काय आहे?

दुसऱ्याने खाण्यापिण्याची हद्द ठरवणे म्हणजे काय, हे महाडच्या तळ्यावर 1927 साली गेलेल्या समाजाला शिकवायला नको. बाबासाहेबांनी घडवलेल्या संविधानाच्या कलम 41 मध्ये विकलांगतेच्या स्थितीत सरकारी साहाय्याची तरतूद आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 चे कलम 25 तर ग्रामीण भागात, जवळच्या ठिकाणी आरोग्यसेवा द्यायला सांगते. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना ती मोफत. आमच्या माणसांत त्या अटीत न बसणारे किती निघतील?

मागणी साधी आहे. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी वजन, थायरॉईडची तपासणी आणि औषधांचा फेरविचार व्हावा. गोळी घरच्यांनी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांनी बदलावी. गावात दिवसाचे केंद्र हवे, जिथे स्वयंपाकात हात लावता येईल, मैदानात खेळता येईल आणि काय खायचे हे त्या माणसालाही विचारले जाईल. पैसा? स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. येत्या ग्रामसभेत त्याचा हिशेब मागा, आणि मागताना त्या तिशीतल्या पोरालाही सोबत न्या.