खताच्या पोत्यावर मिठाचा आकडा का नाही?

गेल्या महिन्यात नगरपालिकेच्या डेपोवरून कंपोस्टची दोन पोती आणली. घरच्यापुरती मिरचीची रोपं करायची म्हणून ट्रे निव्वळ कंपोस्टनेच भरले. निम्मं बी उगवलंच नाही. जे उगवलं त्याची पानं कडेने करपली, उपटून बघितलं तर मुळं आखूड आणि टोकाला तपकिरी. डेपोवर विचारलं तर उत्तर मिळालं, "पत्रकार साहेब, पाणी कमी पडलं असेल."

पाणी भरपूर होतं हो! मुळांना ते ओढता येत नव्हतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की पाणी सुटतं, हे आपल्या प्रत्येकाच्या आईला ठाऊक आहे. मुळाभोवती क्षार वाढले की तेच होतं. ओल्या मातीत रोप तहानेने मरतं, आणि आपण वरून आणखी पाणी घालत बसतो.

मग आरओ दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून टीडीएस मीटर आणला. 100 ग्रॅम कंपोस्ट अर्धा लिटर आरओच्या पाण्यात तासभर ढवळलं, गाळलं, मीटर बुडवला. आकडा अडीच हजारांच्या वर. ईसीच्या हिशोबात साधारण 5. हा लॅबचा रिपोर्ट नाही, मान्य. पण खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये शहरी कंपोस्टला ईसीची कमाल मर्यादा 4 आहे. घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांतही तीच होती.

आणि खरी गोम पुढेच आहे. हे 4 म्हणजे पाचपट पाण्यात पातळ करून मोजलेले 4. मिरची साधारण दीडच्या पुढे घटायला लागते, कांदा 1.2 च्या, घेवडा तर 1 च्याच पुढे. आणि हे आकडे मातीच्या दाट चिखलातून गाळलेल्या पाण्यातले आहेत. मग पातळ करूनही जे 4 भरतं, ते ट्रेमधल्या वाटीभर पाण्यात किती होत असेल? म्हणजे मर्यादेतलं कंपोस्टसुद्धा रोपाला नुसतं वापरायचं नसतं. तीन-चार पाट्या मातीत एक पाटी, एवढंच. ही माझी चूक. पण पोत्यावर हे एका ओळीत छापलं असतं तर?

"ईसी जास्त म्हणजे अन्नद्रव्यं जास्त," असंही एका साहेबांनी ऐकवलं. अर्धं खरं आहे. पालाश, नायट्रेट हेही क्षारच. पण त्यात सोडियम किती, ते मोजलंय कुणी?

हे मीठ येतं कुठून ते डेपोवर उभं राहून बघा. मंगल कार्यालयांचं उरलेलं जेवण, हॉटेलांचा रस्सा, शिळं फरसाण. कचरा कुजून निम्म्यावर येतो, मीठ मात्र जेवढ्यास तेवढं राहतं, म्हणजे त्याचं प्रमाण दुप्पट. त्यात मिसळायला सुका पालापाचोळा लागतो. तो आपल्याकडे रोज सकाळी रस्त्याच्या कडेला जाळतात. एकीकडे धूर काढायचा, दुसरीकडे खारट खत विकायचं, आणि वर स्वच्छतेचे फलक लावायचे!

शेतात एकरी टन-दोन टन विस्कटणाऱ्याचं निभून जातं, पाऊस क्षार धुऊन नेतो. मरतो तो रोपवाटिकावाला आणि कुंडीत चार झाडं लावणारी ताई. ती म्हणते, माझ्या हाताला गुणच नाही.

नगरपालिकेकडे मागणी साधी आहे. प्रत्येक लॉटची ईसी तपासा, पोत्यावर छापा, "रोपांसाठी मातीत मिसळूनच वापरा" असं लिहा आणि पाला जाळणं बंद करा.

तोवर तुम्ही एक करा. एका कुंडीत कंपोस्ट, दुसरीत साधी माती, दोन्हींत दहा-दहा मुगाचे दाणे टाका. आठवड्यात फरक दिसेल. फोटो कमेंटमध्ये टाका.

वर्षभरातले तपासणी अहवाल मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज सोमवारी दिला आहे. 30 दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं, किंवा नाही आलं, तरी इथेच टाकतो.